गिरण्यांच्या जागी मॉल आणि हॉटेलं कशी आली? ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांनी बदललेलं गिरणगाव आणि आपल्या गावांचा हिशोब

टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला पेशंट घेऊन परळला गेलेला माणूस आपल्याकडं प्रत्येक वाडीवस्तीवर सापडतो. पेशंटची तपासणी होईपर्यंत बाहेर चहा घेताना वर मान करून बघितलं की चहूबाजूंनी काचेचे टॉवर दिसतात. थोडं चालत लोअर परळला गेलं की मोठे मॉल, परदेशी कंपन्यांच्या कपड्यांची दुकानं, दिव्यांनी लखलखणारी हॉटेलं. पत्ते मात्र जुनेच. कमला मिल कंपाउंड, मथुरादास मिल कंपाउंड, तोडी मिल, रघुवंशी मिल. गिरणी कुठंच नाही, नाव तेवढं राहिलंय.

पाटण, जावळी, माण, खटाव, कराडच्या डोंगरी भागातल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस याच पत्त्यावर राबला. गावातल्या देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर ‘मुंबईकर ग्रामस्थ मंडळ’ असं कोरलेल्या पाट्या अजून आहेत. ते पैसे याच गिरण्यांच्या पगारातले. म्हणून हा भाग कसा बदलला हे आपल्याला नीट माहीत पाहिजे. तो आपोआप बदलला नाही. सरकारी नियमातल्या दोन शब्दांनी बदलला. तशाच प्रकारचे शब्द आता आपल्या शिवाराच्या कागदांवर येऊ लागलेत.

गिरणगाव म्हणजे नक्की कुठं?

लालबाग, परळ, लोअर परळ, चिंचपोकळी, काळाचौकी, शिवडी, भायखळा, वरळी, प्रभादेवी, दादरचा काही भाग हे सगळं मिळून गिरणगाव. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढं शंभर वर्षांत पन्नासहून जास्त गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांखालची जमीन होती सुमारे ६०० एकर.

कामगार आला कोकणातून आणि आपल्या घाटावरून. कुटुंब गावाला, माणूस मुंबईला. एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसं राहायची. पहिल्या पाळीचा उठून कामावर गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागेवर झोपायचा. सकाळी भोंगा झाला की सगळी वस्ती जागी.

जेवणाची सोय खानावळीत. चाळीतल्याच बायका वीस-पंचवीस माणसांचा डबा करायच्या. महिन्याचा पगार झाला की हिशोब. यातल्या बऱ्याच बायका सावकाराकडून व्याजानं पैसे उचलून किराणा भरायच्या. त्यांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आज लोअर परळमध्ये शेकडो हॉटेलं आहेत. पण त्या भागातला पहिला जेवणाचा धंदा या बायकांचा होता, हे लक्षात ठेवायला पाहिजे.

संप झाला, पण त्यानंतर काय झालं?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगारवाढीची होती. दुसरी मागणी अशी होती की कायद्यानं एकाच युनियनला मान्यता दिलेली आहे, ती आम्हाला नको, आमची युनियन आम्ही निवडू. हा संप मागं घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. बरेच कामगार गावाकडं परत आले, शेतीला लागले. काहींनी दादर-परळच्या फुटपाथवर वडापावची गाडी टाकली. काही परत कामावर गेले, पण हजारोंना आत घेतलंच नाही.

संपामुळं गिरण्या बंद पडल्या असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. तोपर्यंत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर कापड स्वस्तात निघत होतं. गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गिरणीखालच्या जमिनीची किंमत आत निघणाऱ्या कापडापेक्षा कितीतरी जास्त झाली होती. हे समजायला शेतकऱ्याला वेळ लागत नाही. हायवेलगतच्या रानात ऊस लावून जे मिळतं आणि तेच रान बिगरशेती करून विकलं तर जे मिळतं, त्यातला फरक आपण रोज बघतोय.

पण गिरणीची जमीन अशी मनाला येईल तशी विकता येत नव्हती. ती उद्योगासाठी राखलेली होती. तिथं दुसरं काही करायचं तर नियम बदलायला पाहिजे होता.

१९९१ चा नियम: तीन वाटे

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणी पाडून त्या जागेवर नवं बांधकाम करायचं असेल तर जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे करायचे, असा तो नियम. एक वाटा महापालिकेला, त्यात बाग, मैदान अशा मोकळ्या जागा. दुसरा वाटा म्हाडाला, त्यात परवडणारी घरं. तिसरा वाटा मालकाचा, त्यात त्याला ऑफिस, दुकानं, टॉवर काय ते बांधता येईल. गिरणी किती मोठी यावर टक्केवारी थोडी कमीजास्त होत होती, पण सूत्र हेच.

हिशोब साधा आहे. ६०० एकराचे तीन वाटे केले तर २०० एकर मैदानं आणि बागा, २०० एकर सामान्य माणसाची घरं, २०० एकर मालकांना.

पण या नियमात एक वाट ठेवलेली होती. वाटणी लागायची ती पाडून नवं बांधायला. जुनी शेड तशीच ठेवून तिच्या आत दुसरा धंदा केला तर वाटणी लागत नव्हती. म्हणून सुरुवातीला काय झालं? मालकांनी शेड पाडल्याच नाहीत. जिथं साचे खडखडत होते तिथं फरशी बसवली, एसी लावला आणि दुकानं, ऑफिसं, हॉटेलं थाटली. १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात असंच सुरू झालं. आज तिथं मुंबईतला एक मोठा मॉल आहे. जुन्या गिरणीच्या उंच छताखाली, लोखंडी खांबांमध्ये बसून जेवायचं ही पुढं फॅशनच झाली. त्या छताखाली कापसाची तूस छातीत जाऊन माणसं खोकत होती, हे जेवणाऱ्याला कोण सांगणार?

२००१ ची दुरुस्ती: ‘मोकळी जमीन’

२००१ साली सरकारनं हा नियम दुरुस्त केला. तीन वाटे करायचे हे तसंच ठेवलं. फक्त कशाचे तीन वाटे करायचे ते बदललं. आधी सगळ्या जमिनीचे होते. आता फक्त मोकळ्या जमिनीचे, म्हणजे ज्या जागेवर आधीपासून बांधकाम नाही तेवढ्याच तुकड्याचे.

हे उदाहरणानं बघू. समजा एक गिरणी १५ एकरात आहे. १२ एकरावर शेड, गोदाम, ऑफिस उभं आहे. मोकळी जागा ३ एकर.

आधीच्या नियमानं सगळं पाडून बांधायचं तर: ५ एकर महापालिकेला, ५ एकर म्हाडाला, ५ एकर मालकाला.

नव्या नियमानं: ३ एकराचेच तीन वाटे. १ एकर महापालिकेला, १ एकर म्हाडाला, राहिलेली १३ एकर मालकाला.

गिरणीत मोकळी जागा असतेच किती? पूर्ण आवार शेडनं भरलेलं असायचं. त्यामुळं दोन शब्दांनी मैदानांची आणि घरांची बहुतेक जमीन गेली. कुणी मोर्चा अडवला नाही, कुणाचं घर पाडलं नाही. कागदावरची एक व्याख्या बदलली.

याविरुद्ध पर्यावरणाचं काम करणारी एक संस्था उच्च न्यायालयात गेली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. त्यानंतर गिरण्या भराभर पडल्या आणि टॉवर उभे राहू लागले.

जमिनीला भाव काय आला? लोअर परळची सतरा एकराची मुंबई टेक्स्टाइल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे सरकारची होती. २००५ साली ती ७०२ कोटी रुपयांना एका मोठ्या बिल्डर कंपनीनं घेतली. त्याच कंपनीनं २०१२ साली तीच जमीन दुसऱ्या बिल्डरला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळजवळ चौपट.

नवी दुकानं, नवी हॉटेलं: तिथं राबतंय कोण?

नव्या गिरणगावात ग्राहक वेगळा आहे, पण राबणारा माणूस पुन्हा गावाकडचाच आहे. मॉलच्या गेटवरचा सिक्युरिटी, किचनमधला हेल्पर, टेबल पुसणारा, पार्सल घेऊन मोटारसायकलवर पळणारा पोरगा. काही आपल्याकडचे, आता बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे. एवढा फरक मात्र आहे की गिरणीतला कामगार कायम होता. त्याला फंड होता, ईएसआयचा दवाखाना होता, युनियन होती. आज बहुतेक पोरं ठेकेदाराकडं आहेत. आज आहे, उद्या नाही.

आपल्या मालालाही तिथं थोडी जागा आहे. या हॉटेलांना लागणारी ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस, लाल-पिवळी ढोबळी पश्चिम महाराष्ट्रातले शेतकरी पिकवतात. महाबळेश्वर-वाईची स्ट्रॉबेरी जाते. पण मध्ये व्यापारी, पुरवठादार अशी साखळी आहे, आणि माल थोडा जरी डागी असला तरी परत येतो. मागणी आहे म्हणून नुसत्या ऐकीव भावावर पॉलिहाऊस टाकू नये. आधी घेणारा पक्का करावा, दर आणि वजनाची बोली लिहून घ्यावी, मग रोप लावावं.

आणखी एक गोष्ट या भागात काम करणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावी. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. १४ जणांचा जीव गेला. धुरात रस्ता न सापडल्यानं बऱ्याच जणांनी बाथरूमचा आसरा घेतला आणि तिथंच गुदमरून गेले. त्यानंतर महापालिकेनं ठिकठिकाणची बेकायदा बांधकामं पाडली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला जवळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात, चेंगराचेंगरीत २३ जण गेले. टॉवर आणि ऑफिसं वाढली, रोज येणारी माणसं कितीतरी पटीनं वाढली, पण जिना तेवढाच राहिला. जमिनीचा वाटा गेला की फक्त बाग जात नाही. रस्ता, पूल, मोकळी जागा, जीव वाचवायची वाटसुद्धा जाते.

हॉटेलात, मॉलमध्ये कामाला लागलात तर पहिल्याच दिवशी मागचा जिना कुठं आहे ते बघून ठेवा. त्या जिन्यात सामान रचलेलं असेल तर मुकादमाला सांगा.

चिमणी, पुतळा आणि संग्रहालय: कला कुणाची?

नव्या गिरणगावात बघण्यासारखं पण बरंच केलंय. फिनिक्सच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. पोरं तिच्यासमोर फोटो काढतात. पूर्वी या चिमणीतून धूर निघाला की गावाकडं मनीऑर्डर येणार हे नक्की असायचं. आज ती शोभेची वस्तू आहे. पाडली नाही हे चांगलंच झालं. पण ती कशाची चिमणी, इथं कोण काम करत होतं, हे पोरांना समजेल असं ठळक लिहिलेलं असलं तर तिला अर्थ राहतो.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर महापालिकेनं कापड गिरणीचं संग्रहालय हाती घेतलंय. गिरणीच्या आवारातलं तळं, जुन्या इमारती, यंत्रं राखून तिथं गिरणगावाचा इतिहास दाखवायचा अशी ही योजना आहे. अशा कामाला आपल्या गावांनी हातभार लावला पाहिजे. ज्यांच्या घरी गिरणीचा बिल्ला, पगाराची पावती, जुना फोटो, युनियनचं पत्रक आहे त्यांनी ते रद्दीत घालू नये.

दादरला चैत्यभूमीजवळची इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. तिथल्या सुमारे साडेबारा एकर जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहतंय. त्याचं भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला झालं. १०० फुटांचा चौथरा आणि त्यावर ३५० फुटांचा पुतळा, असा एकूण ४५० फुटांचा आराखडा आहे. पुतळ्याचं शिल्प धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे राम सुतार यांचं. ही जागा मिळावी म्हणून आंबेडकरी जनतेनं वर्षानुवर्षं आंदोलन केलं. गिरणीची सगळीच जमीन टॉवरला जायला पाहिजे असं काही नव्हतं, हे या जागेवरून दिसतं. लोकांनी लावून धरलं तिथं ती लोकांच्या कामाला आली.

आणि गिरणगावाला कला काही मॉलवाल्यांनी शिकवली नाही. लालबागच्या गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा, लालबागचा राजा १९३४ पासूनचा. कामगारांच्या वर्गणीतून देखावे उभे राहायचे, भजनी मंडळं, लेझीम, शाहिरी, कामगार रंगभूमी सगळं चाळीच्या चौकात चालायचं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे ही नावं याच वस्तीनं मोठी केली. फरक एवढाच की त्या कलेला तिकीट नव्हतं आणि दारात सिक्युरिटी नव्हता.

कामगाराला काय मिळालं?

आता मूळ हिशोबावर येऊ. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधून सोडत काढायची असं ठरलं. आतापर्यंतच्या मुख्य सोडती अशा:

२०१२: ६,९२५ घरं
२०१६: मे महिन्यात २,६३४ आणि डिसेंबरमध्ये पनवेलजवळ कोनची २,४१७ घरं
२०२०: ३,८९४ घरं

बेरीज होते १५,८७० घरं. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस किती? सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे अकरा अर्जदारांत एकालाच घर.

एकच गिरणी घ्या, लोअर परळची श्रीनिवास मिल. तिथं आज २८० मीटर उंच, ७६ मजली टॉवर उभा आहे. २०२० च्या सोडतीत याच गिरणीच्या जागेतली कामगारांसाठीची घरं होती ५४४, एकेक घर २२५ चौरस फुटांचं.

मार्च २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला की राहिलेल्या कामगारांसाठी शेलू आणि वांगणी इथं ८१ हजार घरं बांधायची. शेलू म्हणजे कर्जत तालुका, वांगणी म्हणजे अंबरनाथ तालुका. घराची किंमत १५ लाख, त्यातले साडेपाच लाख सरकार देणार, साडेनऊ लाख कामगारानं भरायचे. बऱ्याच कामगार संघटनांनी याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की जमीन मुंबईतली गेली, तर घर मुंबईतच पाहिजे. शेलू-वांगणीचं घर नाकारलं तर घराचा हक्कच जाईल अशी एक अट त्या निर्णयात होती. तिच्यावरून २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोठं आंदोलन झालं. ती अट काढण्याची भूमिका नंतर सरकारनं घेतली.

तुमच्या घरात गिरणी कामगार होता का? मग हे करा

१. कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर होता का, हे बघा. घराच्या योजनेत ही तारीख महत्त्वाची आहे.

२. कागद शोधा. गिरणीचं ओळखपत्र किंवा तिकीट नंबर, पगाराची पावती, फंडाचा कागद, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट. माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक उघडा. सापडलं की मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

३. अर्ज पूर्वी केलेला असेल तर पावती नंबर शोधा. कामगार वारला असेल तर वारसाचे कागद तयार ठेवा. एका कामगारामागं एकच घर असतं, त्यामुळं भावाबहिणींनी आधीच बसून ठरवा. घर लागल्यावर भांडणं काढली की कोर्टात वर्षं जातात.

४. आई हयात असेल तर तिचं नाव डावलू नका. वडील मुंबईला असताना गावाकडची शेती आणि पोरं तिनंच सांभाळलीत.

५. ‘पैसे द्या, नंबर लावून देतो’ म्हणणारा दलाल गावात आला तर एक रुपयाही देऊ नका. सोडत संगणकावर निघते. चौकशी म्हाडाच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा वांद्रे पूर्वच्या गृहनिर्माण भवनातच करा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि हे आपल्या शिवारात कसं लागू होतं?

गिरणगाव लांब आहे असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. सातारा, पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांत नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्प येतोय. त्यासाठी रस्ते विकास महामंडळाला, म्हणजे एमएसआरडीसीला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलंय. पहिल्या टप्प्यातच २३५ गावं आहेत. पर्यटन येईल, हॉटेलं येतील, दुकानं येतील. त्याला नुसतं विरोध करून भागत नाही आणि नुसते हार घालूनही भागत नाही. पोरांना काम पाहिजेच आहे.

पण हॉटेल कुठं होणार, गुरचरण कुठं राहणार, गावठाण किती वाढणार, झऱ्याच्या वरच्या अंगाला बांधकाम चालेल का, हे सगळं विकास आराखड्यात आणि त्याच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. नकाशावर आपल्या गटाला कुठला रंग दिलाय आणि त्या रंगाचा अर्थ शेवटच्या पानावर काय लिहिलाय, हे बघायला पाहिजे. ‘मोकळी जमीन’, ‘पडीक’, ‘विकासयोग्य’, ‘हरित क्षेत्र’ हे शब्द रोजच्या बोलण्यात सोपे आहेत. नियमात त्यांचा अर्थ वेगळा असू शकतो. आपण ज्याला गायरान म्हणतो, जिथं गुरं चरतात, ते कागदावर नुसतं ‘मोकळं’ निघालं तर?

आराखडा जाहीर झाला की हरकती द्यायला ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत ग्रामसभा बोलवा. तरुण पोरांनी मोबाइलवर पीडीएफ उघडून आपल्या गावाचं पान मोठ्यानं वाचून दाखवावं. समजत नसेल तर तालुक्यातला वकील किंवा निवृत्त तलाठी बसवून घ्या. हरकत लेखीच द्या, पोच घ्या. सातबाऱ्यावर विहीर, झाडं, पाइपलाइन, घर यांची नोंद नसेल तर आत्ताच करून घ्या, कारण पुढं मोबदला ठरतो तो कागदावरच्या नोंदीवर.

गिरणी कामगार काही अडाणी नव्हता. त्यानं संप केले, मोर्चे काढले, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलल्या. पगारासाठी, बोनससाठी तो रस्त्यावर उतरला. पण २००१ साली नियम बदलला तेव्हा बहुतेक कामगार गावाकडं विखुरलेले होते. कागदावर काय लिहिलं जातंय ते बघायला गिरणीच्या दारात कुणी उरलं नव्हतं. आपण अजून आपल्या शिवारातच आहोत. आराखड्याची नोटीस लागली की तिचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन पूर्ण प्रत मागा.